वाकळेतली सुई

सुरुवातीलाच सांगून टाकते की माझी नात ठणठणीत आहे. सध्या ती सांगलीतल्या आजीचा चष्मा ओढायला शिकली आहे आणि व्हिडिओ कॉलवर मला बघितलं की जांभई देते. मला स्वतःला जीव टांगणीला लावणाऱ्या गोष्टी सोसत नाहीत. टीव्हीवरच्या मालिकेचा शेवटही मी शेजारणीकडून आधी काढून घेते. त्या दिवशी मात्र शेवट सांगणारं कुणी भेटलं नाही, आणि तो दिवस कसा काढला ते माझं मला ठाऊक.

आमचं गाव कोरेगावला लागूनच. घरात आम्ही दोघी जावा. मालक फौजेतून निवृत्त झाले आणि घरी बसवेना म्हणून पुण्याला सिक्युरिटीच्या नोकरीवर गेले. सणासुदीला येतात, उसाकडे एक चक्कर मारतात, आरामखुर्चीत घोरतात आणि परत जातात. थोरली जाऊ माण तालुक्यातली, तिला मी आक्का म्हणते. थोरले दीर जाऊन बरीच वर्षं झाली. आक्काला मूलबाळ नाही. माझ्या लेकीला जन्म दिला मी, पण मी अंगणवाडीच्या नोकरीवर असल्यामुळे तिला न्हाऊ घालणं, भरवणं, तिची रडगाणी ऐकणं हे सगळं आक्कानंच केलं. लेक तिला मोठी आई म्हणते आणि मला नुसतंच आई. कधीकधी मला वाटतं, माझं पद आमच्या घरात लहान आईचंच आहे.

लेक सांगलीत दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती आमच्याकडे आली आणि मुलगी झाली. तिला सासरी धाडताना बरोबर वाकळ द्यायची हे आक्कानं पाचवीच्या आधीच ठरवून टाकलं होतं. वाकळ म्हणजे शहरातले लोक जिला गोधडी म्हणतात ती. जुनी मऊ झालेली लुगडी, साड्या, धोतरं धुऊन कडक उन्हात वाळवायची, एकावर एक अंथरायची, वर रंगीत तुकडे जोडायचे आणि कडेकडेनं आत असा धावदोरा घालत मधोमध यायचं. ऐकायला सोपं आहे. आक्काचा टाका मुंगीच्या रांगेसारखा सरळ जातो. माझा टाका जरा माझ्यासारखाच आहे, मनात येईल तिकडं वळतो. म्हणून तिनं मला धावदोऱ्याला कधी बसू दिलं नाही. माझ्याकडे चित्रं. कापडाचा पोपट कातरायचा, त्याच्या कडा आत दुमडायच्या आणि टाका दिसणार नाही असा वर शिवायचा. यात मात्र माझा हात धरणारं आमच्या आळीत कुणी नाही, हे मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

कपडे कुणाचे घ्यायचे यावर आक्काचा एक नियम आहे. ज्याला पडल्या पडल्या झोप लागते त्याचेच कपडे लहान मुलाच्या वाकळेत घालायचे. त्यामुळे मालकांचे तीन-चार सदरे बिनविरोध निवडून आले. तिची स्वतःची लुगडी आली. शेजारच्या एका म्हातारीचं पातळ आलं, कारण ती भजनात बसल्या बसल्या झोपते. माझ्या साडीला मात्र जागा नाही.

"तुज्या साडीवर निजलं तर पोरगी रातभर उसाच्या पाण्याची पाळी मोजत बसंल," आक्का म्हणाली.

शेवटी चित्रांसाठी माझे तुकडे चालतील अशी तडजोड झाली. हिरव्या ब्लाऊजपिसाचे पोपट झाले, जुन्या लाल परकराची एसटी झाली, लेकीच्या शाळेच्या निळ्या फ्रॉकचं कासव झालं. एसटीला मी काळ्या कापडाची चाकं लावली आणि खिडकीत एक पिवळा ठिपका शिवला. तो कंडक्टर.

बारशाला सांगलीहून विहीणबाई आल्या तेव्हा ओसरीत हा सगळा पसारा होता. त्या बँकेतून निवृत्त झालेल्या, बोलणं मोजकं, साडीची एक निरीदेखील इकडची तिकडे नाही. त्यांनी वाकळ बघितली, वाकून पोपटावर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "छान आहे. पण एवढ्या जुन्या कपड्यांत कशाला डोळे फोडताय? मी बाळासाठी नवीन मऊ रजई घेऊन ठेवलीय. मशीनला धुता येते." त्या प्रेमानंच बोलल्या असतील. मला ते लागलं. त्या गेल्यावर मी टिच्चून आणखी दोन पोपट बसवले आणि त्यामुळे वाकळ लांबली. लेक निघायच्या आदल्या संध्याकाळीसुद्धा तिचा एक कोपरा शिवायचा राहिला होता.

वाकळेच्या चारी कोपऱ्यांना आमच्याकडे फूल लावतात. रंगीत चौकोनी तुकड्यांच्या घड्या घालून त्यांचे त्रिकोण एकावर एक बसवायचे, म्हणजे कोपरा जाड आणि टिकाऊ होतो. आक्का ओसरीत बसून शेवटचं फूल बसवत होती. तेवढ्यात मी देव्हाऱ्यात दिवा लावला. आक्का उठली, दिव्याला हात जोडले, परत येऊन बसली आणि फूल पुरं केलं. मी वाकळ झटकून घडी घातली आणि लेकीच्या सामानावर ठेवली. आपण काहीतरी पार पाडलं असं वाटून त्या संध्याकाळी मी चहात साखर जास्त घातली.

आता इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. दिवे लागल्यावर सुई कुणी मागत नाही, मागितली तर कुणी देत नाही, आणि आक्काच्या वयाच्या बायका तर तिचं नावही तोंडाला येऊ देत नाहीत. गावातला दुकानदारही संध्याकाळी सुया विकत नाही. मला कारण विचारू नका, मीसुद्धा पाळते. आक्का आपल्या सुया बामच्या रिकाम्या डबीत ठेवते. त्या संध्याकाळी डबी बंद करताना तिला दिसलं की एक सुई कमी आहे. तिनं ब्लाऊजच्या खांद्यावर चाचपलं, कारण शिवताना सुई तिथं टोचून ठेवायची तिची सवय. तिथं नव्हती. दिवा तर लागलेला. तिनं मूग गिळले आणि उजाडल्यावर बघू म्हणून झोपायला गेली.

सकाळी ती कोंबड्याच्या आधी उठून ओसरी झाडत होती. मला वाटलं, पाहुणे निघायचे म्हणून हौस आली असेल. तेवढ्यात जावई ठरल्यापेक्षा लवकर गाडी घेऊन दारात. मग ओटी भरणं, बाळाला तीट, दहीसाखर, रडारड. आणि निघालेल्या माणसाला मागून टोकायचं नाही, ही दुसरी रीत. आक्का पदर तोंडाला लावून दारात उभी राहिली. मला वाटलं, लेकीसाठी रडतीय. लेकीनं मागच्या सीटवर वाकळ पसरली, तिच्यावर बाळाला ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बघ, आजीच्या एसटीतनं चाललीय." गाडी वळणाआड गेली. तेव्हा आक्का म्हणाली, "धाकटे, एक सुई सापडंना झालीया."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि पायाखालची जमीन सरकली.

"कवापास्नं?"

"काल सांजंला ध्यानात आलं. दिवा लागला व्हता गं."

"आवं आक्का, आन् सकाळी? सकाळी काय झालं व्हतं तोंडाला?"

"निगालेल्या मानसाला कसं टोकायचं?"

माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. दिव्याला, रीतीला, तिला, माझ्या पोपटांना, कुणाला सोडलं नाही. आक्का उंबऱ्यावर बसून ऐकत राहिली. ऐकतानाही तिची बोटं फरशीच्या सांध्यांतून फिरत होती. मी बोलत बोलत तिच्याबरोबर शोधायला लागले. सतरंजी झटकली, केरसुणी झटकली, तिचा अंबाडा सोडून बघितला. सुई नव्हती. म्हणजे ती वाकळेत होती आणि वाकळेवर अडीच महिन्यांचं मूल निजलं होतं.

लेकीला फोन लावला. तो आमच्याच स्वयंपाकघरात वाजला. चार्जिंगला लावलेला ती विसरून गेली होती. जावई गाडी चालवताना फोन उचलत नाहीत. या गुणाचं मी सगळ्या पाहुण्यांत कौतुक करत आले होते. उरल्या विहीणबाई. त्यांना आम्ही जन्मात कधी उणेपणा दाखवला नव्हता. आणि आता काय सांगायचं, की तुमची नवी रजई राहू दे, आमच्या वाकळेत सुई आहे? पण खरं सांगते, त्या वेळी मानापमान आठवलाही नाही. फोन उचलल्या उचलल्या मी म्हणाले, "विहीणबाई, वाकळेत सुई राहिलीय. पोरं पोचली की पहिल्यांदा बाळाला उचला आणि वाकळ लांब ठेवा."

त्या म्हणाल्या, "उचलते. मी गेटवरच उभी राहते."

घरात बसवेना. आम्ही दोघी अंगावरच्या साड्यांनिशी निघालो, आक्काच्या कमरेला तेवढी सुयांची डबी खोचलेली. कोरेगावातून कराडची एसटी धरली, कराडातून सांगलीची. वाटेत उसाच्या ट्रॉल्या आडव्या. आमचाच ऊस असता तरी त्या दिवशी मी शिव्या घातल्या असत्या. मी जावयाला फोन लावत होते आणि आक्का खिडकीच्या दांडीला धरून बसली होती. मी तिच्याशी बोलत नव्हते. मला राग होता आणि त्या रागाच्या खाली नुसती भीती होती. आक्काला मी रागावू शकत होते. सुईला काय करणार?

सांगली जवळ आली तेव्हा विहीणबाईंचा फोन आला. ट्रॉल्यांनी त्यांनाही अडवलं होतं, पोरं आत्ताच पोचली होती. बाळ हसत होतं, दूध प्यालं होतं. मला रडू फुटलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "पाठीवर एक लाल ठिपका दिसतोय. शेजारीच मुलांचे डॉक्टर आहेत, त्यांना दाखवून आणते. तुम्ही घाबरू नका." मी आक्काकडे बघितलं. तिनं ऐकलं होतं. तिनं माझा हात धरला आणि मीही तो सोडवून घेतला नाही.

आम्ही पोचलो तेव्हा त्या डॉक्टरांकडून परत आल्या होत्या. डॉक्टरांचं म्हणणं, ठिपका डास किंवा मुंगी चावल्यासारखा दिसतो. पण गाडीभर मूल त्या वाकळेवर होतं, तेव्हा खात्री हवी. अख्खी सुई सापडली तर काळजी नाही. नाहीतर संध्याकाळी एक्स-रे काढू. एवढ्याशा पाठीचा एक्स-रे. लेक बाळाला छातीशी धरून पलंगावर बसली होती आणि तिनं कुणालाच दोष दिला नाही. तिनं दिला असता तर बरं झालं असतं.

दिवाणखान्यात फरशीवर पांढरी चादर अंथरून तिच्यावर वाकळ पसरून ठेवलेली होती. विहीणबाईंनी ती आधीच तळव्यानं इंच इंच दाबून बघितली होती. फ्रिजवरचं आंब्याच्या आकाराचं लोहचुंबक काढून तेही फिरवलं होतं. ते चुंबक कागद धरायचं, एवढे थर त्याला काय झेपणार? मग आम्ही तिघी उसवायला बसलो. जाड भाग माझ्या चित्रांचे, म्हणून पहिल्यांदा तेच. पोपट निघाले, कासव निघालं, एसटीची चाकं निघाली. कात्री चालवताना मला काडीचं वाईट वाटलं नाही. खाली काही नव्हतं. मग आक्कानं कडेपासून आपला धावदोरा ओढायला घेतला. महिनाभराची ओळ सरसर सुटत होती. घाईत दोरा दोनदा तुटला.

उसवून उसवून किती उसवणार? पोटातल्या थरांपर्यंत जायला संध्याकाळच झाली असती. विहीणबाईंनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "शेवटी काय शिवलंत तुम्ही?"

"फूल," आक्का म्हणाली. "पर त्ये शिवलेली सुई डबीत हाय. माजं मला आठवतंय."

"बोलू नका. काल बसला होतात तशा बसा."

आक्का आधी घोटाळली. मग एक गुडघा उभा करून बसली. वाकळेचा कोपरा मांडीवर ओढून घेतला. डाव्या हातानं फुलाची घडी धरली, उजव्या हातानं टाके घातल्यासारखं केलं. आम्ही तिच्या हाताकडे बघत होतो. "मग धाकटीनं दिवा लावला," ती म्हणाली आणि उठायला लागली. उठताना फुलाच्या घड्या सुटू नयेत म्हणून तिचा उजवा हात आपोआप खाली गेला आणि रिकामी चिमूट कोपऱ्यात खुपसून वर आला. खांद्याकडे गेलाच नाही. दिव्याला जोडलेले हात तसेच ठेवून ती आमच्याकडे बघायला लागली. घडी धरायला सुई तिथंच टोचून ती उठली होती. परत येऊन बसली ती डबीतली दुसरी सुई घेऊन, आणि वरून राहिलेले त्रिकोण शिवून टाकले.

फूल मी उसवलं. पहिला त्रिकोण, दुसरा, तिसरा. चौथ्याच्या खाली, जाड शिवणीला समांतर, सुई झोपली होती. नाकात लाल दोऱ्याचं शेपूट तसंच. विहीणबाईंनी ती खिडकीपाशी नेली, उजेडात धरली, टोक बघितलं, नाक बघितलं, डबीतल्या जोडीच्या सुईला लावून बघितली. "अख्खी आहे," त्या म्हणाल्या. मग भिंतीला टेकून त्या सरळ फरशीवर बसल्या, साडीच्या निऱ्यांची पर्वा न करता.

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. इतकं हलकं वाटलं की मी हसायलाच लागले. लेक रडायला लागली. जावयानं डॉक्टरांना फोन केला. सुई अख्खी सापडलीय म्हटल्यावर ते म्हणाले की आता एक्स-रेची गरज नाही, ठिपका दोन दिवसांत जाईल. कुणीतरी चहा ठेवला. मला वाटतं मीच ठेवला, दुसऱ्याच्या घरात, न विचारता.

आक्का मात्र दाराशी जाऊन बसली होती, चपलांजवळ. लेकीनं बाळाला तिच्यापुढे धरलं. "घे की गं, मोठी आई."

"नगं. आता म्या हिला शिवायची न्हाई."

"असं काय करतीस?"

"न्हाई म्हनलं न्हवं. माजं हात आता भरवशाचं न्हाईत."

मी तिच्यापुढे चहाची कपबशी सरकवली.

विहीणबाई उठल्या. आत त्यांची नवी रजई घडी घालून ठेवलेली होती, मला दिसत होती. त्यांनी वाकळ उचलली, खिडकीशी नेऊन झटकली. एका कोपऱ्याला फूल नव्हतं, दोरे लोंबत होते, पोपटांच्या जागी नुसत्या टाक्यांच्या खुणा. ती त्यांनी पलंगावर सारखी करून अंथरली, लेकीच्या हातातून बाळाला घेतलं आणि नुसत्या लंगोटात वाकळेवर उताणं ठेवलं.

आक्का ताडकन उठली. "आवं विहीणबाई, थांबा. आनि एकदा बघा तरी."

"मी बघितलंय," विहीणबाई म्हणाल्या. "आता तुम्ही बघा."

आक्का पलंगाशी आली. मग खाली गुडघे टेकून तिनं उजवा हात पुढे केला, तळवा वर ठेवून बाळाच्या पाठीखाली सरकवला आणि वाकळेवर टेकला. बाळानं पाय झाडले, तिच्याकडे बघितलं आणि निवांतपणे शू केली. लंगोट भिजला, वाकळ भिजली, आक्काचा हात मनगटापर्यंत भिजला.

लेक फडकं आणायला धावली. आक्का म्हणाली, "ऱ्हाऊ दे," आणि हात होता तिथंच ठेवला.